समोरची घरं वर चालली

समोरच्या ओळीतली तीन घरं वर चालली होती. फार नाही, वहीच्या पुठ्ठ्याच्या जाडीइतकी, पण वर. यंत्राच्या पडद्यावर आकडा स्वच्छ उमटला होता आणि त्याच्याआधी अधिकाचं चिन्ह. तिने डोळा बाजूला घेतला, पापण्या दाबून मिटल्या, पुन्हा भिंगाला डोळा लावला. तिन्ही भिंतींवर बसवलेली काचेची प्रिझमं शहाण्या मुलांसारखी आपापल्या जागी बसून होती. एका खिडकीत एक बाई उशा उन्हाला टाकत होती. आपण वर चाललोय याचा तिच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता.

"काय म्हणतायत?" पट्टीवाल्या काकांनी विचारलं. उंची मोजायची लांब पट्टी धरून उभं राहण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे हात रिकामे असले तरी ते एक मूठ छातीशी वळूनच उभे राहत.

"वर चाललीयत."

"चालू द्या की, मॅडम. खाली त्यांचं काय राहिलंय? खाली तर आपण खणून ठेवलंय."

ती हसली नाही, पण हसली असती तरी चाललं असतं. रस्त्याखालून रेल्वेचा बोगदा जात होता आणि त्या खणण्याने वरची घरं हलतात की काय, हे पाहणं तिचं काम होतं. रोज सकाळी त्याच खुणेवर यंत्राचं तेच तीन पायांचं तिकाटणं उभं करायचं, एकेका भिंतीवरच्या प्रिझमवर किरण सोडायचा, तो परत आला की भिंत कालच्या जागी आहे की नाही ते कळायचं. कित्येक महिने ती वरच्या साहेबांना एकच गोष्ट कळवत आली होती : हालचाल नाही. दवाखान्यातली बाई जशी खाटेपाशी न थांबता ताप नाही म्हणून पुढे जाते, तशी. आता हे अधिकाचं चिन्ह. जमीन पोखरली की घर खाली बसतं, या धंद्याची सुरुवातच तिथून होते. घर वर चढल्याचं कुणी ऐकलेलं नाही. यंत्र नुकतंच तपासून आलेलं होतं. तिकाटण्याचा पाय सरकला नव्हता. ऊन, वारा, हवेतली थरथर, सगळं तिने मनातल्या मनात एकेक करून बाजूला काढलं, घरात काही हरवलं की आपण सामान बाजूला काढत जातो तसं. आणि शेवटी जे उरलं त्याच्याकडे तिला बघायचं नव्हतं. उभ्या उभ्या तिच्या मनात आलं, बुडणाऱ्या माणसाला काठ असाच दिसत असणार. त्याला वाटत असणार, काठ वर चाललाय.

"काका, आपण मोजतो कुठून?"

"म्हणजे? मास्तरांच्या जिन्यावरून. आणखी कुठून?"

मास्तर म्हणजे तिचे वडील. रस्त्याच्या टोकाला त्यांची जुनी दोनमजली इमारत, आणि तिच्या जिन्याच्या बाहेरच्या भिंतीवर तिने स्वतः, शिडीवर चढून, संदर्भाचं प्रिझम बसवलं होतं. बाकीचं सगळं ज्याच्यापासून मोजायचं, ते. नियमाने असे बिंदू तीन लागतात आणि तिन्ही खणण्याचा परिणाम पोचतो त्या पट्ट्याबाहेर लागतात. तसे ते होते. मग एकासमोर जाहिरातीचा भलामोठा फलक उभा राहिला. दुसरा एका रंगाऱ्याने भिंत रंगवताना उपसून खिडकीत ठेवून दिला, आणि वर विचारलं, हा दिवा लागत का नाही. राहिला जिना. नकाशावर तो पट्ट्याच्या रेषेच्या बाहेर होता, जेमतेम, पण बाहेर. दुसरे दोन बिंदू शोधायचे राहून गेले. काकांनी तेव्हा सहज विचारलंही होतं, एकावर भागेल का. ती म्हणाली होती, "आमचा जिना आहे तो. तो कुठे जातोय?"

ते वाक्य आता तिला दुसऱ्या कुणीतरी बोलल्यासारखं ऐकू आलं. आवाज तिचाच, पण भिंतीपलीकडून. तो जिना कुठे जातोय, असं वाटायला तिच्याकडे कारण काय होतं? कारण तिथे बसून तिने दुधाचे दात पाडले होते. कारण खालून तिसऱ्या पायरीची कड फुटलेली होती आणि आई वरून ओरडायची, पाय बघून टाक गं. कारण आई गेली त्या दिवशी तिला खाली आणताना त्याच पायरीशी सगळे आपोआप जपून वळले, कुणी कुणाला सांगितलं नाही. असल्या कारणांनी कुणी संदर्भबिंदू निवडत नाही. पण तिने निवडला होता, आणि निवडताना या कारणांपैकी एकही तिच्या मनात आलं नव्हतं, हीच तर गंमत. मनात यावं लागतच नाही. पायाखालच्या फरशीची आठवण कोण काढतो?

वर्गात ती वडिलांना सर म्हणायची आणि घरी बाबा. शाळेच्या फाटकापाशी एक बदलून दुसरं होत असे. फाटकाच्या आत तिने चुकून बाबा म्हटलं तर ते फळ्याकडे तोंड करून उभे राहत, जणू ऐकलंच नाही. त्या वर्गात त्यांनी विस्थापन शिकवलं. फळ्यावर एक चौकोन काढला, ते घर. चौकोनातून एक रेघ निघाली, ती बाजाराला वळली, नदीवर गेली, मित्राकडे रेंगाळली, डोंगराला वेढा घालून पुन्हा चौकोनाच्या दाराशी आली. खडूची पूड त्यांच्या बाहीवर. "माणूस किती चालला? भरपूर. ते अंतर. ते त्याच्या पायांना विचारा. आता विस्थापन किती? ते दाराला विचारा. दार म्हणतं, हा इथून निघाला, इथेच आला. शून्य." मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, पण सर, तो दमला असेल ना? वर्ग हसला. सर म्हणाले, "दमला असेल. पण दमल्याचं माप दुसऱ्या धड्यात." त्या दुसऱ्या धड्याची तिने बरेच दिवस वाट पाहिली. कार्याचा धडा आला, ऊर्जेचा आला. पण दमल्याचं माप आलंच नाही.

मग तिची स्वतःची रेघ चौकोनातून निघाली. वसतिगृह, दुसऱ्या गावातली नोकरी, भाड्याच्या खोल्या, एक लग्न. प्रत्येक नव्या खोलीत पहिल्या सकाळी ती उठून भलत्याच भिंतीकडे चालत जायची, कारण झोपेत शरीर जुन्याच घरात असायचं. नवरा म्हणायचा, तू माझ्याबरोबर राहत नाहीस, माझ्याकडे उतरली आहेस. त्याचं चुकत नव्हतं. ती प्रत्येक गोष्ट नकळत तिथूनच मोजायची : ही खोली आमच्या घरापेक्षा अंधारी, हा नळ आमच्यापेक्षा हळू, हा माणूस बाबांपेक्षा कमी बोलणारा. पुढे ते लग्न, न भांडता, एखादं दुकान बंद होतं तसं बंद झालं. ती एक बॅग घेऊन जिना चढली. बाबांनी दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, आणि म्हणाले, "विस्थापन शून्य."

त्या दोन शब्दांचं काय करायचं ते तिला आजवर कळलं नव्हतं. कधी वाटायचं, ते म्हणत होते, काही बिघडलं नाही, ये. कधी वाटायचं, ते म्हणत होते, इतकी वर्षं चाललीस आणि हाती काही नाही. काही महिन्यांनी तिने गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं छोटं घर घेतलं, आणि तिथून इथे येताना अजूनही "घरी जाते" असंच म्हणायची.

खात्री करायची तर लांबच्या, पक्क्या जागेवरून उंची वाहून आणायला हवी होती. टेकडीवर पाण्याची जुनी टाकी होती, उघड्या खडकात पाय रोवून उभी. तिथून ती आणि काका निघाले. लेव्हलचं यंत्र लावायचं, मागे पट्टी, पुढे पट्टी, मग यंत्र उचलून पुढे. असं एकेक गल्ली करत उंची हातात घेऊन उतरायची, भरलेलं भांडं न हिंदकळता आणावं तशी. काका नेहमीसारखे बडबडत होते, वळणावर गाड्यांना हात दाखवून थांबवत होते, एका गाडीवाल्याने काच खाली करून विचारलं, रस्ता रुंद करताय का, तर काका म्हणाले, "नाही, लांब करतोय." इमारतीपाशी आल्यावर मात्र त्यांची बडबड थांबली. पट्टी जिन्याशी धरली, मग पुढच्या कोपऱ्यावर, मग गल्लीत शिरून मागच्या कोपऱ्यावर. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. जिना खाली गेला होता, समोरची घरं जितकी वर गेल्यासारखी दिसत होती बरोबर तितका. आणि मागचा कोपरा त्याच्याहून खाली होता. सगळं घर सारखं बसलं तर ते तग धरतं, एकाच कोपऱ्यावर बसलं तर आतून फाटत जातं, हे काकांनाही माहीत होतं.

"बोगद्यातलं पाणी उपसतायत ना रात्रंदिवस," ती म्हणाली, "ते नुसतं बोगद्याचं नाहीये. इथून, या घराच्या पोटातूनही ओढलं जातंय. खाली कधीकाळी तळं बुजवलेलं असणार. पाणी निघून गेलं की माती बसते."

"मॅडम," काका म्हणाले, "आधी चहा घेऊ."

कोपऱ्यावरच्या टपरीशी ते उभे राहिले. कप गरम होता आणि तिने तो धरून ठेवला. तिच्यासमोर आता दोन रस्ते होते, आणि दुसऱ्याचं नाव मोठं साधं होतं : उद्या. उद्या कळवलं तर? यंत्रात शंका आहे, पुन्हा तपासते, असं म्हटलं तर कोण हरकत घेणार? इमारत काही आज पडत नव्हती. कदाचित महिनाभरही पडणार नव्हती. आणि ती रिकामी करायला लावली की बाबांना बाहेर यावं लागणार होतं. सगळी अडचण तिथे होती. बाबांना दिसत नव्हतं.

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर ते म्हणत, चष्मा बदलायला झालाय. पण वर्तमानपत्र मेजावर दुपारीही सकाळच्या घडीतच पडलेलं असे. चहा ओतताना त्यांचं बोट कपाच्या काठावरून आत वाकलेलं असे, चहा नखाला लागला की थांबत. पलंगापासून खुर्चीच्या पाठीपर्यंत एक हात, खुर्चीपासून दाराच्या चौकटीपर्यंत दुसरा. मध्ये हवेत ते एक पाऊल इतकं बेफिकीर टाकत की पाहणाऱ्याला शंका येऊ नये. ते घर त्यांनी डोळ्यांतून काढून अंगात भरून ठेवलं होतं. त्या घरात ते मास्तर होते. जिना उतरून कोपऱ्यावर आले की त्यांचं बोलणं कमी होई आणि ते कुणाच्या तरी बोलण्याच्या मागोमाग चालत. ती हे सगळं पाहत आली होती आणि गप्प राहत आली होती, कारण बोलणं म्हणजे त्यांच्या हातातून ते काढून घेणं. दर रविवारी ती जाई, चहा पिई, वर्तमानपत्राची घडी मोडून एखादी बातमी वाचून दाखवी, आणि ते म्हणत, हो, वाचली मी ती.

आता एक फोन केला की संपलं. चहावर साय धरली होती. शिलाईकाकू, तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या, दारात बसून कसलातरी लांब पडदा टाचत होत्या. वरच्या खोलीतल्या नव्या बिऱ्हाडाचं तान्हं पोर रडत होतं. त्या कोपऱ्यावर फक्त बाबा राहत नव्हते. ही गोष्ट तिला आठवावी लागली, याची तिला थोडी शरम वाटली. तिने फोन लावला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "संदर्भाचं प्रिझम राहत्या घरावर? हे कुणी ठरवलं?"

"मी."

"का?"

"ते हलणार नाही असं वाटलं."

"कशावरून?"

फोनवर दोन्ही बाजूंनी रहदारी ऐकू येत राहिली. साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बरं, ते नंतर बघू. पंप बंद करायला सांगतो. इमारत आज दिवस मावळायच्या आत रिकामी करा, खबरदारी म्हणून. माणसं मी पाठवतो. पण सांगायचं तुम्ही. तुम्हाला ओळखतात ते."

ओळखतात म्हणूनच कठीण होतं. शिलाईकाकूंनी सुई कापडात टोचून ठेवली आणि तिचं बोलणं संपेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिल्या.

"म्हणजे आता आम्ही निघायचं."

"थोडे दिवस, काकू."

"रोज विचारायचे गं तुला मी, घर बरं आहे ना? तू म्हणायचीस, तब्येत ठणठणीत आहे. मग रोज सकाळी ते दुर्बिणीतून काय बघत होतीस? आमची वाळत घातलेली कापडं?"

"चुकलं माझं."

"ते दिसतंच आहे." काकूंनी पडदा गोळा करायला घेतला, मग थांबल्या. "यंत्र जड आहे माझं. दोन माणसं लागतील. आणि मास्तरांना सांग आधी. त्यांना वेळ लागेल." हे म्हणताना त्यांनी वर पाहिलं नाही, आणि तिला कळलं की खालच्या मजल्यालाही ठाऊक होतं. कदाचित सगळ्यांनाच ठाऊक असेल. कदाचित सगळी इमारत, मोठ्या माणसाचं मन राखावं तशी, इतके दिवस त्यांच्याबरोबर नाटक करत आली असेल.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते, तोंड उजेडाकडे. "आज पाय जड पडतोय तुझा," ते म्हणाले. "आणि आज काही रविवार नाही."

ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिने सांगितलं. आधी समोरची घरं, मग अधिकाचं चिन्ह, मग टाकीपासून उतरवलेली उंची. वर्गात उत्तर सांगावं तसं तिने सांगितलं, पायरी पायरीने, आणि तेही तसंच ऐकत होते, मान किंचित कलती. अधिकाच्या चिन्हाशी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. पुढचं त्यांनी ओळखलं होतं आणि क्षणभर ते घर कुणाचं आहे हे विसरले होते.

"वा," ते म्हणाले. "निरीक्षकच बुडतोय." मग जरा वेळाने, "कुठला कोपरा जास्त?"

"मागचा."

"न्हाणीघराचा." त्यांचा तळहात गुडघ्यावरून पुढेमागे फिरत राहिला. "तरीच. बरेच दिवस पाणी जाळीकडे जात नाही. कोपऱ्यात साचतं. पाय टाकला की पाणी लागतं तिथे, जिथे लागायला नको. मला वाटलं, माझाच तोल जायला लागला. म्हातारपण. चालताना भिंतीकडे ओढल्यासारखं व्हायचं, तर मी दुसऱ्या बाजूला झुकून चालायला लागलो."

"मला सांगायचं ना बाबा."

"काय सांगायचं? घर कलतंय? घर कशाला कलेल?"

दोघंही एकाच वेळी थांबले. तिला वाटलं, हे हसण्यासारखं आहे. आणि खरोखर बाबांच्या तोंडाचा कोपरा हलला. तिच्याकडे यंत्र होतं आणि त्यांच्याकडे पाय. दोन्ही खरं बोलत होती आणि दोघांनीही आपापलं माप खोटं धरलं होतं, घराला बोल लावायचा नाही म्हणून. दोघं एकाच वर्गातून शिकून आलेली.

"चला, सामान काढू," ती म्हणाली. "माझ्याकडे मागची खोली रिकामीच आहे."

"मी नाही येत."

"बाबा."

"मी नाही येत," ते पुन्हा तसंच, न चिडता म्हणाले. "पडलं तर पडलं. म्हाताऱ्या माणसाला कुठेतरी पडायचंच असतं. मला इथे दिसतं."

खालून कुणीतरी जड वस्तू फरफटत नेल्याचा आवाज आला. शिलाईकाकूंचं यंत्र निघालं होतं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तुम्ही कपात बोट घालता."

"चहा कितपत गरम आहे ते बघतो."

"हो."

"हो काय?"

"बघता, ते बरोबर आहे."

ते खिडकीकडे वळले. उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता आणि ते त्याच्याकडे असे पाहत होते जसं आपण आवाजाकडे पाहतो. तिच्या मनात आलं, आता विचारलं नाही तर पुन्हा या खोलीत विचारता येणार नाही. आणि दुसऱ्या खोलीत त्याचा अर्थ दुसराच होईल. ती म्हणाली, "मी बॅग घेऊन परत आले तेव्हा तुम्ही म्हणालात, विस्थापन शून्य. तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

त्यांना आठवायला वेळ लागला नाही, यावरून तिला कळलं की तेही ते वाक्य कुठेतरी ठेवून होते.

"चहा टाकतो, असं म्हणायचं होतं," ते म्हणाले. "नाही सुचलं. मास्तर माणूस. तोंडात जे तयार असतं तेच बाहेर पडतं. तुझी आई असती तर तिने आधी बॅग हातातून घेतली असती." मग म्हणाले, "मी घेतली नाही का तेव्हा?"

"नाही. मीच आत आणली."

"हं."

ती उठून कपाट उघडायला गेली नाही. शेजारच्या बिऱ्हाडातलं पोर रडायचं थांबलं होतं. त्याला घेऊन कुणीतरी जिना उतरत होतं, हळू, एकेक पायरी, आणि खालून तिसऱ्या पायरीशी पाऊल अडखळलं, सावरलं. बाबांनी मान वर केली. "नवीन आहेत," ते म्हणाले. "त्यांना पायरी माहीत नाही." आणि ते खुर्चीचे हात धरून उठले. "मी उतरल्याशिवाय तीही मंडळी जाणार नाहीत. मास्तर वर आहेत म्हटल्यावर सगळे रेंगाळतील. शर्ट दे माझा. पलंगाच्या पायथ्याशी आहे."

शर्ट तिथेच होता. त्यांनी बटणं लावली, एकही चुकलं नाही. खोलीतून निघताना त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात लावला, मग चौकटीला; निरोप घेतल्यासारखं नव्हे, रोजच्यासारखं. जिना तेच पुढे उतरले, चटचट, आणि तिला मागून येताना सावकाश यायला लागलं. खाली माणसांची गर्दी होती, बोचकी होती, यंत्राभोवती दोन माणसं घाम पुसत होती. काकू म्हणाल्या, "आले का मास्तर. आता निघायला हरकत नाही." बाबा शेवटची पायरी उतरले. पुढे रस्ता होता. त्यांचा हात बाजूच्या हवेत थोडा उचलला गेला, काही शोधत नसल्यासारखा, आणि तिने त्याखाली आपलं कोपर नेऊन ठेवलं.

तिच्या घरी पहिला दिवस ते बसवलं तिथे बसून राहिले. पाणी हवंय का विचारलं की हो किंवा नको, एवढंच. आवाज वर्गातला नव्हता, जिन्यावरचाही नव्हता. परक्याच्या घरी माणूस काढतो तो होता. तिने त्यांना खोली समजावून सांगितली : इथे पलंग, इथे मेज, दार इकडे. ते मान हलवत राहिले. तिला कळत होतं की आपण नकाशा सांगतोय आणि नकाशाचा त्यांना उपयोग नाही. ते त्या दुसऱ्या घरात काही नकाशाने चालत नव्हते. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. पंप थांबवल्यापासून मागचा कोपरा स्थिर आहे. पण खाली सिमेंट भरून होईपर्यंत कुणाला परत जाता येणार नाही, आणि त्यानंतरही जाता येईलच असं नाही. तिने ते बाबांना सांगितलं. "बरं झालं वेळेत सापडलं," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

सकाळी ती स्वयंपाकघरात दूध तापवत उभी होती. खोलीचं दार उघडलं आणि ते बाहेर आले. दोन पावलं ते अगदी सहज, त्यांच्या त्या बेफिकीर चालीने सरळ चालत आले, कारण त्यांच्या घरात दारातून सरळच जायचं असतं, आणि त्यांचा तळहात कपाटाला लागला. ते थांबले. कपाटावरून हात फिरवला, वर, खाली, एखाद्या अनोळखी जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"अगं," ते न वळता म्हणाले, "न्हाणीघर?"

"उजवीकडे," ती म्हणाली.

ते उजवीकडे वळले. पुढे भिंत होती. हात भिंतीला टेकला आणि तिथेच राहिला. त्यांनी तक्रार केली नाही. नुसते उभे राहिले, रांगेत उभं राहावं तसे, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "उजवीकडेच वळलो की गं."

तेव्हा तिला दिसलं. ती त्यांच्याकडे तोंड करून उभी होती. न्हाणीघर उजवीकडे होतं, पण तिच्या. दूध वर येत होतं. तिने गॅस बंद केला. दुरून आणखी काही सांगायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. ती ओट्यापासून निघाली, मधली फरशी ओलांडून त्यांच्यापाशी गेली, आणि वळून त्यांच्या शेजारी उभी राहिली, खांद्याला खांदा लागेल अशी, तोंड त्यांचं होतं त्याच बाजूला. समोर कोरी भिंत. तिने ती इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. तिचं स्वतःचं घर पाठीमागे कुठेतरी होतं, आणि त्यातली एकही गोष्ट नक्की कुठे आहे हे तिला क्षणभर सांगता आलं नसतं.

"आता?" बाबांनी विचारलं.

"आता मागे वळायचं," ती म्हणाली, आणि दोघं वळली.